खोट्या थपडेची तालीम

माझ्या हाताला आमच्या शाळेत मोठं नाव होतं. चांगलं म्हणून नव्हे. "बाईंचा हात बसला की दोन दिवस कानात भुंगा फिरतोय," असं जुनी पोरं नव्या पोरांना सांगायची. त्यामुळं आठवीत आलेल्या पोराला माझं गणित कळायच्या आधी माझा हात कळलेला असायचा. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खोटं कशाला बोलू, आतून बरंच वाटायचं. वर्ग गप्प बसतोय, पाढे येतायत, दहावीचा निकाल चारचौघांत सांगण्यासारखा लागतोय, मग आणखी काय पाहिजे?

निपाणीहून चिकोडीकडं जाताना वाटेत एका गावाच्या कडेला आमचं हायस्कूल आहे. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता. वीस वर्षं मी त्याच रस्त्यानं जातेय, आधी बसनं, आता स्कूटीनं. या वीस वर्षांत मी पोरांना गणितापेक्षाही जास्त एक गोष्ट शिकवली असेल, ती म्हणजे खाली बघायला. चूक केलेलं पोर माझ्याकडं बघायला लागलं की माझं डोकंच सटकायचं. "वर तोंड करून बघतोस व्हय रं? खाली बघ!" हे मी किती वेळा ओरडले असेन याचा हिशेब गणिताच्या बाईलासुद्धा लागायचा नाही. आमच्याकडं मोठ्यांपुढं मान खाली पाहिजे. मला माझ्या बाईंनी तेच शिकवलं, मी ते पुढं ढकललं.

मारायला बंदी आली ती आधी कागदावर आली. हेडमास्तरांनी परिपत्रक वाचून दाखवलं, आम्ही सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या आणि चहा प्यायलो. माझ्या हाताला ते परिपत्रक कळायला जरा वेळ लागला. तो थांबला एका पोरीमुळं.

ती तेव्हा आठवीत होती. उसाच्या मळ्यातून चालत शाळेला येणारी, अंगानं काटकुळी, आणि गणितात अशी तल्लख की मी फळ्यावर प्रश्न लिहून वळेपर्यंत हिचा हात वर. एके दिवशी गृहपाठ तपासताना तिची वही आणि आमच्याच एका मास्तरांच्या मुलीची वही माझ्या हाताला लागोपाठ लागली. एक अवघड गणित दोन्ही वह्यांत अगदी सारखं. खाडाखोडसुद्धा त्याच जागी. मी घटकाभर थांबलेसुद्धा नाही. मास्तरांची लेक कशाला दुसऱ्याचं उतरवेल? मी हिलाच पुढं बोलावलं. "बाई, माझं मीच केलंय..." म्हणत तिनं वर बघितलं, आणि माझा हात सुटला. साऱ्या वर्गापुढं.

दुसऱ्या दिवशी ते मास्तर मला स्टाफरूमच्या दारात बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आमच्या लेकीनं घरी कबूल केलंय. उतरवलेलं तिनंच होतं." मी म्हटलं, "बरं, बघते मी." काय बघितलं? काही नाही. वर्गात जाऊन आठवीतल्या पोरीला "चुकलं माझं" म्हणायचं? बाईनं? जीभच उचलेना. आज सांगते, उद्या सांगते करत आठवडा गेला, महिना गेला, वर्ष सरलं. त्या पोरीनं वर्गात हात वर करायचं सोडलं. विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची, पण माझ्या चपलांकडं बघून. नववीत आली तरी तेच. मी त्या दिवसानंतर कुणालाच मारलं नाही, पण ते तिला कोण सांगणार! तिनं एकदा, एकदाच माझ्याकडं सरळ बघावं असं मला फार वाटायचं, आणि ते मागायला मला तोंड नव्हतं.

अशात आमच्या हेडमास्तरांच्या डोक्यात नाटकाचं खूळ शिरलं. बेळगावहून एक नाटकाचे सर दर शनिवारी सकाळच्या शाळेला येऊन शेवटचे दोन तास घेणार, असं ठरलं. सर तरुण होते. दाढी, गुडघ्याच्या खाली जाणारा झब्बा, आणि पोरींना "आक्का" नि पोरांना "अण्णा" म्हणायची सवय. हेडमास्तर मला म्हणाले, "बाई, तुम्ही तेवढं बसा तिथं. पोरं त्यांच्या डोक्यावर चढतील." म्हणजे मी पोलीस. मी वह्यांचा गठ्ठा घेतला आणि हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले.

पहिल्या शनिवारी सरांनी पोरांना जमिनीवर उताणं झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि श्वासाकडं लक्ष द्यायला सांगितलं. अर्धी पोरं खरंच झोपली. सर म्हणाले, "छान!" मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी बेळगावहून यायला पाहिजे होतं व्हय? समाजशास्त्राच्या तासाला रोज झोपतात की.

नाटक पोरांनी स्वतःच रचलं. एका पोरीला पोलीस भरतीला जायचंय, घरचे नको म्हणतायत. गावातला एक गुंड तिची वाट अडवतो, तिचा भाऊ त्याला लोळवतो. शेवटी पोरगी हट्टाला पेटते, आई तिच्या कानाखाली वाजवते, आणि मग आईच रडत रडत तिला "जा" म्हणते. पोलीस होणारी पोरगी म्हणून सरांनी कुणाला निवडावं? तिलाच. मी वहीतनं मान वर काढून बघत राहिले. माझ्या तासाला चपलांशी बोलणारी ही पोरगी तिथं असा खणखणीत आवाज काढायची की बाहेर व्हरांड्यात शिपाई थांबून ऐकायचा. म्हणजे आवाज होता हो पोरीला. फक्त माझ्यासाठी नव्हता.

मग मारामारीचे तास सुरू झाले. सर म्हणाले, "स्टेजवरची मारामारी म्हणजे मारामारी नव्हे. मोजून मापून केलेला नाच आहे तो. आधी एकदम हळू. कानडीत म्हणतात ना, निधान, निधान." हे 'निधान' पोरांना इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत डबासुद्धा निधान खायला लागली.

थपडेचा नियम त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितला. मारणारा आणि मार खाणारा यांच्यात एवढं अंतर ठेवायचं की हात गालाला पोचूच नये, वीतभर अलीकडनं निघून जावा. दोघांपैकी एकाची पाठ प्रेक्षकांकडं, म्हणजे मधली फट कुणाला दिसत नाही. आवाज काढायचा तो मार खाणाऱ्यानं, छातीपाशी स्वतःच्याच हातावर टाळी मारून, आणि त्याच क्षणी मान फिरवायची. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," सर म्हणाले, "मार ज्याला बसणार, सगळं त्याच्या हातात. मारणाऱ्यानं आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं. त्यानं बघून मान हलवली, तरच हात उचलायचा. नाही हलवली, तर हात खाली. मग काहीही होऊ दे."

मला हसूच आलं. वीस वर्षं हात चालवलेली बाई कोपऱ्यात बसलीय आणि हे पोरांना मारायचं शास्त्र शिकवतायत! मारायच्या आधी परवानगी घ्यायची म्हणे. हसून झालं आणि वहीतली अक्षरं जरा वेळ दिसेनाशी झाली. मी कुणाची परवानगी घेतली होती?

पण रडू येण्याआधी पोरांनी वाचवलं. गुंड झाला होता तो एक धिप्पाड मुलगा, रोज पहाटे गावच्या तालमीत जाणारा. त्यानं खाली पडलेल्या भावाला लाथ मारायची होती, अर्थात खोटी. त्यानं पाय उचलला, पाय किंचित त्या भावाच्या कुशीला लागला. झालं. गुंड तिथंच वाकला, भावाला हात लावला, तो हात स्वतःच्या छातीला लावला, आणि मग पुढचं वाक्य म्हणाला, "आता उठून दाखव, हलकटा!"

हॉल फुटायचा बाकी राहिला. सर म्हणाले, "अरे अण्णा, तू गुंड आहेस!"

"व्हय सर. पण पाय लागला न्हवं."

"गुंड नमस्कार करत नसतो!"

"आमच्या गावातला करतोय सर."

सात वेळा केलं, सात वेळा पाय लागला की हा वाकणार. आठव्या वेळी तर खाली पडलेल्या भावानंच, राहू दे राहू दे, असा हात केला. शेवटी वैतागून सर स्वतः दाखवायला उठले. "बघ, असा पाय, आणि लगेच मागं." सरांचा पाय लागला. आणि सर वाकले! हात छातीला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. नाटकातली लाथ त्यांनी काढून टाकली आणि खांद्यानं धक्का देण्यावर भागवलं.

त्याच पोराची दुसरी अडचण याहून मोठी होती. शेवटी भावानं त्याला लोळवायचं आणि त्यानं उताणं पडायचं, असं ठरलेलं. पोरगं ऐकायलाच तयार नाही. "सर, पाठ टेकायची न्हाय. आजा बघाय येणार हाय. आमच्या घरात आजवर कुणाची पाठ टेकल्याली न्हाय." सर म्हणाले, नाटक आहे रे. पोरगं म्हणालं, नाटक असंल पण पाठ माझीच हाय न्हवं. दोन शनिवार यात गेले. सर पार टेकीला आले तेव्हा पोरगंच तोड काढून आलं. "सर, मी पालथा पडतो. पालथं पडल्यालं हरल्यात धरत न्हाईत." सरांनी कपाळाला हात लावला आणि गुंड पालथा पडायचं नक्की झालं.

गॅदरिंग आठ दिवसांवर आलं आणि आई झालेल्या मुलीला कांजिण्या आल्या. सगळ्यांची तोंडं उतरली. दुसरी कुणी उभी करायची तर वाक्यं पाठ होणार कधी? सर हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, ते एकदम माझ्यापुढं येऊन थांबले. "बाई, तुम्हीच करा आई."

"मी? शुद्धीवर आहात ना सर?"

"तुम्हाला सगळं पाठ आहे. ती मुलगी अडखळली की कोपऱ्यातनं वाक्य कोण पुरवत होतं?"

मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी पुरवत होते! पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बाई थप्पड मारणार, आणि तीही नाटकात! मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, "संपली रं आता ही." ती पोरगी जमिनीकडं बघत उभी होती.

मी तोंडावर बरेच आढेवेढे घेतले. घरचं बघायचंय, पेपर काढायचेत, या वयात शोभतं काय. पण आतून मी हो म्हणून बसले होते. नियमच होता ना, मारायच्या आधी तिनं माझ्याकडं बघायलाच पाहिजे. वर्षभर जे मागता आलं नाही ते नाटकातनं फुकट मिळत होतं. लबाडी म्हणा हवं तर.

त्या आठवड्यात सर रोज यायला लागले. पहिल्या तालमीला म्हणाले, हातातल्या बांगड्या काढा, काच फुटून लागेल. मी म्हटलं, "सर, सवाष्ण बाईला बांगड्या काढा म्हणताय? माझ्या सासूबाई तुम्हाला बेळगावला पोचू द्यायच्या नाहीत." शेवटी बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि त्यावर माझ्या मुलाचा क्रिकेटचा लांब मोजा, पुढचा भाग कापून, चढवला. वर लांब बाहीचं पोलकं. हात असा दिसायचा की प्लॅस्टर घालून आणलाय.

आणि तरीही, पोरगी बघेना. वाक्यं चोख, आवाज चोख, आणि थपडेची वेळ आली की नजर चपलांवर. सर म्हणायचे, "आक्का, बाईंच्या डोळ्यांत बघ." ती प्रयत्न करायची, नाही असं नाही. पहिल्या दिवशी तिची नजर माझ्या साडीच्या काठापर्यंत आली, दुसऱ्या दिवशी निऱ्यांपर्यंत, तिसऱ्या दिवशी मंगळसूत्रापर्यंत. तिथं जी अडकली ती अडकलीच. मी सरांना म्हटलं, "संस्कारी पोर आहे हो. मोठ्यांकडं बघत नाही." असं म्हणताना मला माझीच लाज वाटली, पण म्हटलं.

सरांनी पाच मिनिटांची सुट्टी दिली. पोरं पाणी प्यायला गेल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही अजून हात उचलला नव्हता, तेवढ्यात तिनं खांदा कानापर्यंत नेला. नाटकात आईला घाबरणारी मुलगी असं घाबरत नाही. काय झालंय?"

मी सांगून टाकलं. दोनच वाक्यांत, वह्या आवरता आवरता. वाटलं होतं, हा मुलगा मला काहीतरी समजुतीचं बोलेल. तो म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा." आणि मग, अगदी सरळ आवाजात, "आणि बाई, ती मान हलवत नाही तोवर हात उचलायचा नाही. स्टेजवरसुद्धा. नाटक पडलं तर पडू दे."

शुक्रवारी, म्हणजे गॅदरिंगच्या आदल्या दिवशी, मी तिला व्हरांड्यात गाठलं. कुणी नव्हतं. "इकडं ये गं," म्हटलं. आली. "काय बाई?" चपलांना. मी घसा खाकरला. सगळं तोंडात तयार होतं. आणि मी काय बोलले? "पाणी पीत जा गं भरपूर. घसा बसेल." "व्हय बाई," म्हणाली आणि गेली. धाडस बघा माझं! चाळीस पोरांच्या वर्गात वाघासारखी फिरणारी बाई, एका पोरीपुढं घशाचं औषध सांगून मोकळी झाली. घरी आले ती इतकी चिडलेली की नवऱ्यानं, काय झालं, विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

गॅदरिंग दुपारी होतं, म्हणजे लांबच्या मळ्यातली माणसं उजेडी घरी पोचतात. शाळेच्या मैदानात मांडव, पुढं सतरंजीवर बायका, मागं खुर्च्या, आणि सगळ्यांच्या मागं उभी असलेली आमची जुनी पोरं. त्यातली काही आता साखर कारखान्यात होती, काही बेळगावात नोकरीला. डोक्यावर पांढरी पावडर लावून, कुणाचं तरी इरकल नेसून मी विंगेत उभी होते. थपडेची भीती नव्हती. ती बघेल की नाही, एवढंच डोक्यात.

नाटक झकास चाललं. गुंडाला भावानं उचलून आदळलं आणि गुंड ठरल्याप्रमाणं पालथा पडला. पुढच्या खुर्चीतला त्याचा आजा उठून सगळ्यांना सांगायला लागला, "पाठ न्हाय टेकली! बघितलासा न्हवं? न्हाय टेकली!" त्याला खाली बसवायला दोन माणसं लागली.

मग आमचा प्रवेश. ती पेटून बोलली, मी पेटून बोलले. "पोलीस व्हायचंय? थांब, दाखवते तुला!" हे माझं शेवटचं वाक्य. आता तिनं बघायचं, मान हलवायची, आणि माझा हात.

ती मंगळसूत्राकडं बघत होती.

मी थांबले. हात साडीला चिकटलेला. पुढच्या बायकांत कुजबुज झाली, "बाई विसरल्या वाटतं." विंगेतून सर दिसत होते, त्यांनी नुसतंच 'थांबा' असं बोट केलं. मी थांबले. मागच्या उभ्या पोरांतनं एकजण ओरडला, "हाणा की वो बाई!" आणि त्याच्या शेजारचा, त्याला मी नववीत चांगला बडवला होता, तो त्याहून मोठ्यानं म्हणाला, "आमास्नी हाणताना थांबत न्हवत्या की कवा!"

सगळं मैदान हसलं. इतकं हसलं की मांडवाची कापडं हलली असतील. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. एरवी मी त्याला नावानं हाक मारून उभा केला असता. पण खरंच बोलत होता तो. त्याला मारताना थांबले नव्हते, हिला मारताना थांबले नव्हते, कुणालाच मारताना थांबले नव्हते. थांबले असते तर तिचं वाक्य तरी पुरं झालं असतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलं माझं. ते गणित तुझंच होतं. उगीच मारलं मी तुला."

तिला ऐकू जाईल एवढंच बोलायचं होतं. पण डोक्यावर माईक लटकत होता, तो काय माझ्या सोयीनं ऐकणार? वाक्य थेट रस्त्यापलीकडच्या उसापर्यंत गेलं. पुढच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "गणित कुठनं आलं मधेच?"

पोरीची मान वर आली. निऱ्या, काठ, मंगळसूत्र, काही नाही, एकदम डोळ्यांत. तिचे डोळे तपकिरी आहेत हे मला वर्षभर शिकवून माहीत नव्हतं. ती बघत राहिली. चिडलेली होती, चांगलीच चिडलेली होती, आणि तरी बघत होती. मग तिनं मान हलवली.

आता पंचाईत माझी! आत्ताच माफी मागितली, लगेच थप्पड कशी मारायची? पण तिनं मान हलवली होती, आणि नियम म्हणजे नियम. मी हात फिरवला. गालापासून चांगला वीतभर लांबून गेला. तिनं अशी टाळी वाजवली, अशी मान फिरवली, की सतरंजीवरच्या बायका "आगं आई गं!" म्हणून ओरडल्या. एक म्हातारी तर मला शिव्या द्यायला लागली. त्यानंतर मला रडत 'जा' म्हणायचं होतं. रडायची तालीम मी कधी नीट केली नव्हती. त्या दिवशी गरज पडली नाही.

नाटक संपल्यावर मी मांडवाच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होते. तिची आई तिला घेऊन आली. डोक्यावर पदर, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. "बाई, पोरीला लई जोरात लागलं काय वो? आवाज केवढा आला."

"आज न्हाय लागलं आई," पोरगी म्हणाली.

"आज न्हाय म्हंजी? मग कवा लागलंतं?"

तिनं सांगायचं नव्हतंच. मी सांगितलं, ओल्या तोंडानं, पदरानं पाणी पुसत. त्या दोन वह्या, ते गणित, साऱ्या वर्गापुढं मारलेलं, आणि दुसऱ्याच दिवशी मला खरं कळलं होतं तेसुद्धा. हे शेवटचं पोरीलाही ठाऊक नव्हतं. तिनं झटकन माझ्याकडं बघितलं.

आई गोंधळून गेली होती. "आमास्नी तर म्हणाली, गणित आवडंना झालंय."

"गणित आवडतंय की मला," पोरगी म्हणाली. माझ्याकडंच बघत होती. "बाई आवडंनात झाल्यात. दुसऱ्या दिवशी कळल्यालं, आणि एक वर्ष सांगितलं न्हाय त्यांनी."

"गप गं! बाईस्नी असं बोलत्यात व्हय?" म्हणत आईचा हात आपसूक वर गेला.

तो मी मधेच धरला. "बोलू द्या तिला," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."